जुन्या पिकअपला नवी चाके घेताना

सिल्लोड तालुक्यात ज्या घरापुढे पिकअप उभी असते, त्या घराची निम्मी रोजी तिच्या चार चाकांवर चालते. मिरचीच्या दिवसांत शिवना, आमठाणा, गोळेगावकडचा हिरवा माल रातोरात बाजाराला पोचवायचा असतो. मिरची सरली की मका, मक्यामागून कापूस, आणि लग्नसराईत मंडपाचे सामान. गाडी नवी असेल तर हप्त्याची काळजी, जुनी असेल तर दुरुस्तीची. टायरचा खर्च मात्र दोघांनाही चुकत नाही.

आमच्या घरातही अशी एक गाडी आहे. २००९ सालची महिंद्राची पिकअप. आमचे थोरले बंधू, भाईजान, यांनी ती घेतली होती. त्यांना अल्लाहने बोलावून घेतले त्याला आता चार वर्षे झाली. तेव्हापासून त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, ती चालवतो. मागच्या वर्षी या गाडीच्या चाकांवरून आमच्या घरात जे घडले ते येथे सांगत आहोत. त्यात चूक पुतण्याची होती, आणि त्याच्याहून थोडी जास्त आमची.

घडले ते असे

गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. बदलणे भागच होते. त्याच सुमारास पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मित्रमंडळी गाडीला ‘खटारा’ म्हणून हसत असत. मोबाइलवर रुंद टायर आणि चकाकणाऱ्या अलॉय चाकांच्या पिकअप बघून त्याच्याही मनाने घेतले. शहरातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात त्याला चार अलॉय चाके टायरसह दिसली. एका मोठ्या मोटारीची उतरवलेली. सोळा इंची, चांदीसारखी. दुकानदार म्हणाला, “तुझ्या गाडीला पाच बोल्ट, याला पाच भोके. डोळे झाकून बसव.” किंमत सव्वीस हजार. पैसे भाभींनी दिले, त्यांच्या भिशीचे.

जाण्याआधी पुतण्या आमच्याकडे आला होता. “चाचा, तुम्ही चला ना सोबत.” पेपर तपासायचे होते, आणि खरे म्हणजे कंटाळाही होता. आम्ही म्हणालो, “आम्हांला गाड्यांतले काय कळते? तू बघून घे.”

चाके बसली. अगदी सहज बसली. गल्लीतली पोरे गाडीभोवती गोळा झाली. आठवडाभर रिकाम्या किंवा हलक्या गाडीने काही तक्रार नव्हती. मग शिवन्याहून जळगावची एक खेप आली. सुमारे बाराशे किलो मिरची, केबिनमध्ये आमच्याच मोहल्ल्यातले दोन हमाल. अजिंठा गाव सोडून घाट उतरू लागल्यावर प्रत्येक वळणावर मागून घासल्याचा आवाज येऊ लागला आणि स्टेअरिंग थरथरू लागले. पुतण्याने शहाणपणा केला, गाडी हळूहळू फर्दापूरपर्यंत उतरवली आणि बाजूला घेतली. मागच्या टायरला हात लावला तर चटका बसला. मडगार्डच्या कडेने टायरची बाजू खरवडून निघाली होती. एका चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते.

रात्री अकराला फोन आला. दुसरी गाडी पाठवून माल हलवला. कुणाला काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण ते दोन हमाल दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या मुलांना शाळेत सोडायला आले, तेव्हा आम्ही फाटकापाशीच उभे होतो. त्यांच्याकडे बघवले नाही.

“बसणे” आणि “जुळणे”

आमच्या गावात पिकअपचे काम करणारे एक वयस्क मिस्तरी आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी ती चाके उतरवून जमिनीवर ठेवली आणि पुतण्याला विचारले, “बेटा, यावर काय लिहिले आहे ते वाचलेस का?” पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी वाचायला शिकवतो, आणि टायरवर इतके लिहिलेले असते हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

उस्तादांचे म्हणणे थोडक्यात असे: चाक बोल्टवर बसले म्हणजे गाडीला जुळले असे नाही. पाच गोष्टी जुळाव्या लागतात. भोकांचे वर्तुळ, मधले मोठे भोक, चाकाची आत-बाहेरची बैठक, टायरचा एकूण घेर आणि वजन पेलण्याची ताकद. आमच्या चाकांत पहिली गोष्ट जुळत होती. बाकीच्या चार नव्हत्या. आता एकेक बघू.

१. भोकांचे वर्तुळ

चाकाची भोके एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला दुकानात पीसीडी म्हणतात. नुसती भोके मोजून भागत नाही, व्यासही तोच हवा.

याचा एक जुना धागा आहे. १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने आपल्या देशात विलीज जीप जोडायला घेतली. त्या जीपच्या चाकाला पाच भोके होती, साडेपाच इंची वर्तुळावर. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. चाकांच्या बाजारात आजही असे अडनिडे आकडे दिसतात, कारण ती मुळात इंचांतली मापे आहेत. ११४.३ म्हणजे साडेचार इंच, १२७ म्हणजे पाच इंच.

माप घरी घेता येते. सहा भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, तोच व्यास. पाच भोकांत समोर भोक नसते. तेथे शेजारच्या दोन भोकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला १.७ ने गुणा. अंतर ८२ मिलिमीटर आले तर वर्तुळ साडेपाच इंची. ६७ आले तर साडेचार इंची. १३५ आणि १३९.७ ही दोन वर्तुळे नुसत्या नजरेला सारखीच दिसतात. शेजारच्या भोकांमधला फरक तीन मिलिमीटरहूनही कमी असतो. अशा वेळी कुणी भोक घासून मोठे करून देतो म्हणाला, तर तेथून उठून यावे.

२. मधले भोक आणि नट

चाकाच्या मधोमध जे मोठे भोक असते ते हबवर नीट बसले पाहिजे. ते लहान असेल तर चाक टेकणारच नाही, हे लगेच कळते. मोठे असेल तर चाक टेकते, पण मध्यावर धरून ठेवणारे काही राहत नाही, आणि सगळा भार नटांवर येतो. आमच्या चाकांचे भोक मोठे होते. स्टेअरिंगची थरथर तेथूनच सुरू झाली. मधली फट भरणारी कडी मिळते, पण ती नेमक्या मापाची हवी.

नटांचेही तसेच. लोखंडी डिस्कचा नट बहुधा निमुळता असतो. काही अलॉय चाकांना गोल बुडाचा, तर काहींना चपटा नट लागतो. बैठक वेगळी असेल तर नट कितीही आवळा, तो सैल होणारच. अलॉय चाक जाड असल्याने बोल्टही आखूड पडू शकतो. उस्तादांचा हिशोब सोपा आहे: बोल्ट जितका जाड, निदान तितकी लांबी नटाच्या आत गेली पाहिजे. १२ मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील, तर नट पुरते आठ फेरे फिरला पाहिजे. तीन-चार फेऱ्यांतच आवळला गेला, तर ते चाक आपल्या गाडीचे नव्हे.

३. आत-बाहेरची बैठक

हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि सर्वांत जास्त फसगत येथेच होते. चाक आडवे धरून त्याच्या रुंदीचा मध्य काढा. हबला टेकणारी जागा त्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. पुष्कळ अलॉय चाकांच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे हा आकडा ठोकलेला असतो. आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत जाते. आकडा लहान, तितके ते बाहेर येते.

समजा नवे चाक जुन्याहून एक इंच रुंद आहे आणि ऑफसेट २५ मिलिमीटरने कमी आहे. रुंदीची अर्धी वाढ, म्हणजे सुमारे १३, आणि ऑफसेटचे २५ मिळून चाकाची बाहेरची कड ३८ मिलिमीटर बाहेर सरकते. दीड इंच. गाडी रुबाबदार दिसते खरी. पण रिकाम्या गाडीत मडगार्डखाली सुटणारी जागा, माल भरून पाटे दबले की उरत नाही, आणि टायर घासू लागतो. शिवाय भार बेअरिंगपासून लांब गेल्याने बेअरिंग लवकर जाते आणि स्टेअरिंग जड होते. ऑफसेट उलट जास्त असेल, तर टायर आतल्या पाट्यांना किंवा ब्रेकच्या पाइपला लागतो. मध्ये स्पेसरच्या चकत्या घालून हे निस्तरण्याचा मोह मालवाहू गाडीत तरी टाळावा.

म्हणून कोणतेही चाक बसवून बघताना ते रिकाम्या गाडीवर बघू नये. गाडी भरून, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, चारही बाजूंनी बॅटरीच्या उजेडात बघावे.

४. टायरचा घेर

आता टायरच्या बाजूवरचे वाचन. आमच्या गाडीचे माप २१५/७५ आर १५ असे आहे. (बऱ्याच पिकअपला ७.०० आर १५ असे जुन्या पद्धतीचे माप असते.) २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत.

येथे नववीचे गणित कामाला येते. २१५ चे ७५ टक्के १६१ मिलिमीटर. वरची आणि खालची बाजू मिळून ३२२.५. पंधरा इंच म्हणजे ३८१. बेरीज ७०३.५ मिलिमीटर. हा झाला टायरचा व्यास. पायने गुणले की घेर सुमारे २.२१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ४५२ वेळा फिरते.

आता कुणी २३५/७५ आर १५ सुचवला, तर व्यास येतो ७३३.५ मिलिमीटर. तीन सेंटिमीटर मोठा. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी खरी साडेबासष्टच्या पुढे असेल. किलोमीटरही कमी नोंदले जातील. चढावर गाडीला जोर कमी पडेल, कारण मोठे चाक फिरवायला इंजिनाला जास्त ओढ लागते. उतारावर ब्रेकलाही तेच. जुन्या इंजिनाला आणि जुन्या ब्रेकला हा वाढीव भार देण्याआधी विचार करावा. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि चारही चाके व स्टेपनी एकाच घेराची असावीत.

रेडियल आणि नायलॉन यांची सरमिसळही करू नये. हवा भरलेला टायर १८८८ साली जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलच्या निमित्ताने लोकांपुढे आणला. रेडियल मात्र फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये नोंदवला. दोघांची आतली वीण वेगळी असते. नायलॉनमध्ये दोरे तिरपे, एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ असतात आणि वर पट्टा असतो. वळणावर दोघे वेगवेगळे वागतात. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नसावा. ट्यूबलेस टायर घेताना डिस्क ट्यूबलेसची आहे का तेही विचारावे. ट्यूबच्या जुन्या डिस्कवर तो बसवू नये.

५. वजन पेलण्याची ताकद

उस्ताद म्हणाले, “बाकी सगळे चुकले तर गाडी घासेल, थरथरेल, आवाज करून सांगेल. हे चुकले तर गाडी सांगत नाही. टायर फुटतो.”

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. उदाहरणार्थ १०० एस. आकडा हा वजनाचा क्रमांक, अक्षर वेगाचे. हा क्रमांक म्हणजे किलो नव्हेत, त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. ९७ म्हणजे ७३० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०८ म्हणजे १,०००. एका टायरचे वजन आहे हे. अक्षरांत एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. पिकअपला वेगाचे अक्षर मोठे असून उपयोग नाही. वजनाचा आकडा मोठा हवा.

सोपा हिशोब करून बघा. रिकामी गाडी सोळाशे किलो धरली आणि माल बाराशे, तर एकूण अठ्ठावीसशे. मालवाहू गाडीत भरल्यावर जवळजवळ दोन तृतीयांश भार मागच्या चाकांवर येतो. म्हणजे साडेअठराशेच्या आसपास. एका मागच्या टायरवर ९२५ किलो. त्याला निदान १०५ क्रमांक हवा, आणि खड्ड्यांसाठी थोडे वरच असलेले बरे. आम्ही आणलेल्या टायरवर ९७ होता. प्रत्येक मागच्या टायरवर जवळजवळ दोनशे किलो जास्त. असा टायर प्रत्येक फेऱ्यात नको तितका दबतो, आतल्या आत तापतो, आणि उष्णतेने त्याचे थर सुटू लागतात. फर्दापूरला हाताला बसलेला चटका त्याचाच होता.

आणखी एक फसवी गोष्ट. तेच २१५/७५ आर १५ माप प्रवासी गाडीच्या टायरलाही असते आणि हलक्या मालवाहू गाडीच्या टायरलाही. मालवाहू टायरवर ‘एलटी’ अक्षरे आणि प्लाय रेटिंग असते, ६ पीआर, ८ पीआर असे. दिसायला दोघे सारखे, किमतीत फरक, आणि स्वस्त असेल तो बहुधा प्रवासी गाडीचा. दुकानदाराला नुसते माप सांगू नये. माप, वजनाचा क्रमांक आणि प्लाय, तिन्ही सांगावीत. अलॉय चाकाच्या आतल्या बाजूलाही किती वजन चालेल ते पुष्कळदा कोरलेले असते. टायर ९२५ किलोचा आणि चाक ६५० किलोचे, असे झाले तर काय उपयोग?

टायरचे वय

टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे नक्षी शिल्लक असली तरी वापरू नये, असा मोठ्या टायर कंपन्यांचा सल्ला असतो. सेकंडहँड टायर घेताना हे चार आकडे पहिल्यांदा वाचावेत. नव्या टायरवर आयएसआयची खूणही बघावी. आपल्याकडे ती सक्तीची आहे. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. झिजता झिजता नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. रिमोल्ड टायर पुढे कधी लावू नये.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच लावला. टायरचे माप आणि प्लाय कंपनीने ठरवून दिल्याप्रमाणे हवेत, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांत तरतूद आहे. दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा. अपघात झाला आणि चाके मूळ मापाची नसतील, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. म्हणून आपल्याच मॉडेलसाठी कंपनीने जी मापे दिली आहेत, त्यांतलेच एक निवडावे. ती मापे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतात. पुष्कळ गाड्यांना चालकाच्या दाराजवळ किंवा केबिनमध्ये पाटीही असते. पुस्तक हरवले असेल तर शोरूममध्ये गाडीचे मॉडेल आणि साल सांगून विचारावे.

शेवटी आम्ही काय केले

चाके परत न्यायला या वेळी आम्हीही गेलो. दुकानदाराने खरवडलेले टायर दाखवून सतरा हजारच दिले. नऊ हजार गेले. परतताना पुतण्या फुलंब्रीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, “अम्मीला काय सांगू?” आम्ही म्हणालो, “आम्ही सांगतो.”

भाभींनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. फक्त विचारले, “हे आकडे त्यावर तेव्हाही लिहिलेले होते ना? मग घरात वाचणारे कुणीच नव्हते का?” याला उत्तर नव्हते. नऊ हजारांतले निम्मे आम्ही भरले. ते औदार्य नव्हते, देणे होते.

जुन्या लोखंडी डिस्क अजून चांगल्या होत्या. उस्तादांनी त्या फिरवून वाकड्या आहेत का पाहिले, एक बदलली, बाकीच्या घासून रंगवून घेतल्या. त्यांवर गाडीच्या मापाचे, एलटी खुणेचे, ८ पीआरचे चार नवे टायर घेतले. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली. नट एका ओळीने न आवळता समोरासमोर, चांदणीच्या आकारात आवळले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासले. नव्या चाकाचे नट पहिल्या फेरीनंतर थोडे सैल होऊ शकतात, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

हवेबद्दलही एक गैरसमज गेला. टायरच्या बाजूवर लिहिलेला हवेचा आकडा हा कमाल आकडा असतो, रोज तेवढीच भरायची असे नाही. रिकाम्या गाडीला किती आणि भरलेल्या गाडीला किती, ते गाडीच्या पुस्तकात किंवा पाटीवर असते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

दुकानात जाताना जो कागद आम्ही सोबत नेला, त्यावर या ओळी होत्या. वाचकांनीही उतरवून घ्याव्यात:

गाडीचे मॉडेल आणि साल. पाटीवरचे टायरचे माप. प्लाय. आर.सी. बुकातले रिकामे आणि भरलेले वजन. आपण खरोखर किती भरतो ते वजन, खोटे न लिहिता. त्यावरून वजनाचा क्रमांक. डिस्क बदलणार असाल तर भोकांची संख्या, वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप, डिस्कची रुंदी, ऑफसेट. टायरचा आठवडा आणि साल.

एवढे लिहून नेले की दुकानदारही नीट बोलतो. ज्याला यांतले एकही उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून चाके घेऊ नयेत.

अलॉय चाके वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. मापाची, वजनाची आणि खात्रीच्या ठिकाणची असतील तर ती हलकी असतात आणि शोभतातही. तरुण मुलाला आपली गाडी देखणी असावी असे वाटणे यात गैर काही नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी त्याला त्यावरून टोचूनही बोलू नये. पण पिकअपमध्ये माल दुसऱ्याचा असतो आणि शेजारी बसलेला माणूसही दुसऱ्याच्या घरचा असतो. दोन्ही आपल्याकडे अमानत आहेत. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पिकअपवाल्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे आकडे वाचणे.

पुतण्याचे लग्न ठरले. मुलीकडची मंडळी आली तेव्हा गाडी दारातच उभी होती. मुलीच्या वडिलांचाही भाजीचा व्यवसाय आहे. चहा झाल्यावर ते गाडीपाशी गेले, वाकून मागच्या टायरची बाजू वाचली आणि विचारले, “आठ प्लाय?” पुतण्या म्हणाला, “हो, आठ.” ते काही न बोलता आत येऊन बसले.

तो कागद आता गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात असतो. त्यावर खाली पुतण्याने स्वतःच्या हाताने नव्या टायरचा आठवडा, साल आणि बसवले तेव्हाचे किलोमीटर लिहिले आहेत. आम्हीही आता शाळेत जाताना उभ्या गाड्यांचे टायर वाचतो. नऊपैकी दोन-तीन तरी असे निघतात की मालकाला थांबवून सांगावे लागते. पहिल्या दिवशी लोक हसले. आता काहीजण स्वतःच विचारतात, “सर, जरा आमचाही वाचून द्या.”